नरसव्वा आणि रावसाहेबांचा कप्पा

नरसव्वा आमच्या शाळेत नेमकी कोण होती, हे मला आजही एका शब्दात सांगता येणार नाही. मस्टरवर तिच्या नावापुढे ‘मुली आणणारी’ असं लिहिलेलं होतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यावर बोट ठेवून मला एकदा विचारलं, मुली स्वतःच्या पायांनी येत नाहीत का. मी म्हटलं, पाय मुलींचे असतात, परवानगी वडिलांची असते. ती उचलून आणायला माणूस लागतं. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. बहुधा माझ्याविषयी असावं.

त्या काळी सोलापुरात मुलींच्या शाळेला इमारत मिळत होती, फळा मिळत होता, अध्यक्ष तर मागाल तितके मिळत होते. मुली मिळत नव्हत्या. नरसव्वा रोज सकाळी साखर पेठेतून निघायची, वीसेक दारांपुढे उभी राहायची आणि साडेदहाला वीसेक मुली घेऊन फाटकात हजर व्हायची. तिच्या हातात एक लांबलचक पट्टी असे. मागावर बिघडलेल्या लुगड्याचा काठ कापून ती केलेली होती, आणि तिला हातभर अंतरावर गाठी मारलेल्या होत्या. एक मुलगी, एक गाठ. आपली गाठ धरायची आणि शाळा येईपर्यंत सोडायची नाही. रस्त्यात टांगा आला, वरात आली, रेड्यांची झुंज लागली, तरी नरसव्वा मागं वळून मुली मोजत नसे. पट्टीचं टोक तिच्या मुठीत असे, आणि कुणी गाठ सोडली की पट्टी हलकी लागते म्हणे. मी एकदा परीक्षा पाहायला एका मुलीला खुणेनं गाठ सोडायला लावली. नरसव्वा पुढं बघतच म्हणाली, “मोठ्या बाई, पोरीला खुळ्या सवयी लावू नका.”

पट्टीचा एक नियम होता. मुलगी शाळेत दाखल झाली, हजेरीला नाव लागलं, की मग तिची गाठ. आधी नाही. आधी मारलेल्या गाठीला नजर लागते, असं तिचं शास्त्र होतं. मी त्यावर एक व्याख्यान दिलं. ते तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, “व्हय की.” नियम होता तसाच राहिला.

नवरा मागावर बसत होता तोवर ती त्याला सुताच्या कांड्या भरून देत होती आणि गुंतलेलं सूत सोडवत होती. नवरा गेला, माग गेला, ती आमच्याकडे आली. घरात तेलुगू, रस्त्यात मराठी, टांगेवाल्याशी भांडताना दखनी. याहून जास्त चरित्र मला माहीत नाही. तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. म्हणून आमचं बारा वर्षं बरं चाललं.

सूत सोडवण्याची विद्या मात्र तिनं शाळेतही चालू ठेवली. शिवणाच्या तासाला मुली दोऱ्यांचं घरटं करून ठेवत. शिवणाच्या बाई हातात कात्री घेऊन उभ्या राहत. नरसव्वा तो गोळा मांडीवर घेऊन चारी बाजूंनी आत ढकलत बसायची, कणीक मळावी तसा. बघणाऱ्याला वाटे, हिला सोडवायचं नाहीच. थोड्या वेळानं गोळा सैल व्हायचा आणि दोरा आपणहून बाहेर यायचा. “वढलं की गाठ बसती,” ती म्हणे. “आत ढकलायचं. त्याला वाटाय पायजे, कोण वढंना झालंय आपल्याला.”

त्याच विद्येवर शाळेतली सगळी अडलेली कुलपं, कपाटं आणि खिडक्या तिच्याकडे आल्या. सुताराला बोलावलं की तो दार उघडून द्यायचा आणि दाराचा तुकडा हातात द्यायचा. नरसव्वानं उघडलेल्या वस्तूवर ओरखडा नसे. मात्र हात लावण्याआधी ती तीन प्रश्न विचारायची. कुलूप कुणी लावलं? शेवटचं कधी उघडलं? आत काय आहे? ज्यानं लावलं तो माणूस समोर उभा राहून उत्तरं देईपर्यंत ती कुलपाला शिवत नसे. चोर आणि नवरा या दोघांनाच न विचारता उघडायची घाई असते, असं ती म्हणायची.

हे प्रश्न ऐकायला साधे आहेत. माझ्या कचेरीतलं कपाट अडलं, तेव्हा मला त्यांची धार कळली. तपासणीचे साहेब फाटकाशी येऊन ठेपले होते आणि हजेरीपट कपाटात होते.

“कुणी लावलं?”

“मी.”

“कदी?”

“काल.”

“आत काय हाय?”

“हजेरीपट,” मी म्हटलं.

“अजून?”

“जुने नकाशे.”

“अजून?”

मुख्याध्यापिकेनं चिवड्याचा डबा कुठं ठेवावा याविषयी खात्याचा नियम नव्हता; तरीही शिवणाच्या बाईंच्या देखत ते कबूल करणं मला जड गेलं. नरसव्वानं मान हलवली. दाराला खांदा लावून ते आत दाबलं, किल्ली फिरवली, कपाट उघडलं. वरच्या खणातला डबा दाराला टेकला होता. “मोठं डबा हाय,” एवढंच ती म्हणाली. त्यानंतर तपासणीच्या दिवशी मी चिवडा आणला नाही.

वडील लोक उघडण्याची तिची रीत हीच होती. अंबिका चनप्पाशेठची मुलगी. सातव्या वर्षी नरसव्वानं तिला कडेवर घेऊन आणलं तेव्हा ती आधी नरसव्वाच्या दंडाला चावली आणि मग शाळेत बसली. चनप्पाशेठचं पेठेत सुताचं दुकान होतं. मुलगी तिसरी पास झाली तेव्हा त्यांनी निरोप धाडला, पुरे आता. मी माझ्या रीतीनं गेले. स्त्रीशिक्षण, देशाची उन्नती, सुगृहिणी वगैरे सगळं सांगितलं. चनप्पाशेठ दोन्ही हात जोडून ऐकत होते, म्हणजे उत्तर ‘नाही’ हे ठरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी नरसव्वा एकटीच गेली आणि दुकानाच्या पायरीवर बसली. मी समोरच्या दुकानात रीळ घेत उभी होते, म्हणून पुढचं कानांनी ऐकलं.

“बरोबर हाय मालक,” नरसव्वा म्हणाली. “काय करायचं शिकवून. काढून टाका.”

“काढणारच हाय.”

“तिसरी लई झाली. तिसरी शिकल्याली पोरगी म्हटल्यावर चवथी शिकल्याला पोरगा मिळतोय की. पंच्याण्णव आणि सात किती, ते दोघं मिळून बोटावर मोजतील.”

“चवथीवाला कशाला? माझी पोरगी हाय, रस्त्यावरची न्हाय.”

“न्हाय, न्हाय. सहावीवाला बी मिळंल एकादा. जरा वय झाल्याला. बिजवर असला तरी काय, घर चांगलं पायजे.”

चनप्पाशेठनी गिऱ्हाइकाचं सूत तराजूत तसंच सोडलं. “बिजवर?” ते म्हणाले. “तुला कुणी सांगितलं बिजवर?”

“मी कुटं काय म्हणतंय,” नरसव्वा उठत म्हणाली. “तुमचंच बरोबर हाय म्हणतंय.”

सोमवारी अंबिका आपल्या गाठीला धरून शाळेत आली. असा प्रकार चौथीला झाला, मग इंग्रजीच्या प्रत्येक इयत्तेला झाला. नरसव्वा दर वर्षी चनप्पाशेठशी सहमत होत गेली आणि मुलगी मॅट्रिकच्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोचली. तिथं मात्र शेठजींनी कायमची मेख मारली. “यंदा फारम गेला तर पोरगी परीक्षेला. न्हाय गेला तर माघात लग्न. पुन्हा पुढल्या वर्षीची गोष्ट काढायची न्हाय.” नरसव्वा “बरोबर हाय” म्हणाली, पण या वेळी तिचा आवाज थोडा उतरला होता. स्थळ खरोखरच आलेलं होतं. बिजवराचं.

आता रावसाहेबांकडे यायला हवं. रावसाहेब आमच्या समितीचे अध्यक्ष. पदवी सरकारची, बंगला वडिलांचा, आणि मतं ज्याच्याशी शेवटचं बोलणं झालं त्याची. मोटार मात्र त्यांची स्वतःची होती, नवी, आणि गावातल्या मोटारी हाताच्या बोटांवर मोजता येत होत्या तेव्हाची. तिच्या पुढच्या फळीत, बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर, पितळी कुलपाचा एक कप्पा होता. विलायतेत त्यात म्हणे हातमोजे ठेवतात. सोलापुरात हातमोज्यांचा उपयोग एकच झाला असता, वैशाखात मोटार वळवायच्या तापल्या चाकाला हात लावताना. पण मोटार दस्तगीर चालवायचा आणि त्याला मोजे कुणी दिले नव्हते. तेव्हा रावसाहेब त्या कप्प्यात महत्त्वाचे कागद ठेवू लागले. गावात तिजोऱ्या होत्या, बँका होत्या. त्यांचा विश्वास फक्त त्या कप्प्यावर. कुणी अर्ज दिला की “कप्प्यात ठेवतो” म्हणत, आणि तो अर्ज त्यानंतर जगाला दिसत नसे.

त्या वर्षी आमच्या शाळेतून पहिल्यांदाच मॅट्रिकला मुली बसणार होत्या. तीन. त्यांच्या फॉर्मवर अध्यक्षांची सही हवी होती. मी समोर उभी राहून सही घ्यायला हवी होती. त्याऐवजी “वाचून देतो” म्हटल्यावर फॉर्म देऊन आले. एवढी चूक माझी. आठ दिवस मी रोज नरसव्वाला पाठवत होते आणि ती रोज एकच निरोप आणत होती, “वाचायलेत.” आठव्या दिवशी तिनं मला विचारलं, “एका फारमात किती लिहिल्यालं असतं, मोठ्या बाई?” मी म्हटलं, एक पान. “मग मालक लई सावकाश शिकलेत,” ती म्हणाली.

नववा दिवस खंडेनवमीचा होता, शुक्रवार. शनिवारी दसरा, पोस्ट बंद, मग रविवार, आणि सोमवार हा मुंबईला फॉर्म घ्यायचा शेवटचा दिवस. म्हणजे त्या दिवशी चारच्या आत पाकीट रजिस्टर झालं नाही, तर अंबिकेचं लग्न. मी आणि नरसव्वा दोन वाजता स्टेशनाकडच्या बंगल्यावर पोचलो.

मोटार ओसरीपुढं उभी होती. झेंडूच्या माळा, चारी चाकांखाली लिंबं, दिव्यांना हळदकुंकवाची बोटं, नवरदेव परवडला. रावसाहेब पुढच्या बैठकीवर घामाघूम होऊन बसले होते आणि कप्प्याची कड दोन्ही हातांनी ओढत होते. किल्ली कुलपात अर्धी शिरून वाकली होती.

“जरा अडकलंय,” ते म्हणाले. “तुमचे फॉर्म आतच आहेत. अगदी सुरक्षित.”

ते मला दिसतच होतं. सकाळीच गावातला कुलपांचा कारागीर येऊन, हात जोडून परत गेला होता. खंडेनवमीला हत्यारं देवापुढं असतात. पाना असो, पेचकस असो, त्या दिवशी त्याला हळदकुंकू लागतं, काम लागत नाही. “उद्या सोनं लुटलं की येतो,” असं सांगून तो गेला होता. गावभर सगळी हत्यारं पाटावर बसून झेंडूची फुलं अंगावर घेत होती.

मी देवभोळी नाही. मी अंगणातला एक बेताचा दगड उचलला.

रावसाहेब मोटारीतून अर्धे बाहेर आले. “बाई, काय करता? ते लाकूड अक्रोडाचं आहे. विलायतेहून आलंय.”

“आणि मुली?”

“मुली काय, पुढच्या वर्षीही असतील,” ते समजुतीनं म्हणाले. “हे लाकूड इथं मिळत नाही.”

दगड मी खाली ठेवला नाही. नरसव्वानंच तो माझ्या हातातून काढून घेतला, भाजीवाल्याचं वजन परत करावं तसा. मग ती मोटारीच्या पायरीवर बसली आणि बराच वेळ नुसती कप्प्याकडे बघत राहिली. मला तिचा संताप आला. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

“कुलूप कुणी लावलं, मालक?”

“मीच लावतो. किल्ली माझ्याकडेच असते.”

“आज कुणी लावलं?”

रावसाहेबांनी दस्तगीरकडे पाहिलं. दस्तगीरनं आभाळाकडे पाहिलं. “बाईसाब बोले बंद कर,” तो म्हणाला. “नइं होरा था. मैं घुटना लगाके बंद करा.”

“आत काय हाय?”

“फॉर्म,” रावसाहेब म्हणाले.

“अजून?”

“कागद.”

“कागद आतनं ढकलत न्हाईत, मालक. झाकणाला पोट आलंय बघा.”

खरंच, कप्प्याचं झाकण एका बाजूनं नखभर फुगलेलं होतं. आम्ही सगळे त्या कुलपाकडे पाहत होतो, झाकणाकडे कुणी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात ओसरीवरून रावसाहेबांच्या पत्नी म्हणाल्या, “नारळ असेल तो. मी सकाळी ओटी भरली.”

“कुणाची?” रावसाहेबांनी विचारलं.

“मोटारीची. नवी मोटार, पहिली खंडेनवमी. ओटी नको भरायला? तिला पदर नाही, म्हणून कप्प्यात भरली. किल्ली तुम्ही पूजेत ठेवलीच होती. खण, नारळ, पाच मुठी तांदूळ. मग कुलपाची पूजा केली.”

“कुलपाला अक्षता वाहिल्या?” नरसव्वानं विचारलं.

“वाहायलाच हव्यात की.”

“वल्या?”

“कुंकवात भिजवलेल्या. कोरड्या कोण वाहतं?”

उलगडा झाला. कुलपाच्या तोंडात ओल्या अक्षता, त्यांच्यावर रावसाहेबांनी ताकद लावून वाकवलेली किल्ली, आणि आत गुडघ्यानं कोंबलेला नारळ. विलायतेत ज्यांनी ती मोटार बांधली त्यांनी थंडीचा विचार केला असेल, पावसाचा केला असेल. ओटीचा केला नव्हता.

दस्तगीर तेलाची बुधली घेऊन पुढं आला. “त्येल नको,” नरसव्वा म्हणाली. “आत फोडणी व्हईल.” तिनं माझ्याकडे हात पसरला. “आकडा द्या.”

मी अंबाड्यातला आकडा काढून दिला. रावसाहेब म्हणाले, “आज हत्यार वापरायचं नसतं, नरसव्वा.”

“हत्यार म्हंजे ज्यावर पोट चालतं ते. मोठ्या बाईंचं पोट आकड्यावर चालत न्हाय.”

तिनं वाकलेली किल्ली हलकेच मागंपुढं करत सोडवली आणि आकड्यानं कुलपातली एकेक अक्षत कोरून काढू लागली. पहिली अख्खी आली, दुसरी भुगा होऊन आली. प्रत्येक वेळी ती कुलपात फुंकर मारायची आणि थांबायची. रावसाहेबांच्या पत्नी अक्षता मोजत होत्या. सात वाहिल्या होत्या, सात निघेपर्यंत त्यांचं समाधान झालं नाही. मी घड्याळ मोजत होते.

“आता पेन्सिल.”

“माझं पोट पेन्सिलीवर चालतं,” मी म्हटलं. मलाही जरा चेव आला होता.

“मग तुमी धरू नका. मी धरतंय.” ओसरीच्या फरशीवर तिनं शिसं घासलं, काळी पूड कागदाच्या पन्हळीत घेतली आणि कुलपात फुंकली. नंतर किल्ली फरशीवर ठेवली, वर लाकडी पाट ठेवला आणि रावसाहेबांकडे वळली. “मालक, ह्यावर हुबं ऱ्हावा.”

“मी?”

“वजन तुमचंच पायजे. आमच्यानं काय व्हतंय.”

समितीचे अध्यक्ष पाटावर उभे राहिले. माझ्या माहितीत शाळेच्या कामासाठी त्यांनी आपलं वजन खर्च केल्याचा तो पहिला प्रसंग. किल्ली सरळ झाली.

ती कुलपात गेली, पण फिरेना. रावसाहेबांनी लगेच कड धरून ओढायला सुरुवात केली.

“वढू नका, मालक.”

“उघडायचंय ना?”

“उघडायचंय म्हणूनच. नारळ आतनं ढकलतोय, तुमी भाईरनं वढताय. दोघांच्या मधी त्या कुलपाचा जीव चाललाय. आत ढकला.”

“बंद करू?”

“व्हय. बंद करा.”

दार उघडण्यासाठी ते बंद करायचं, हे रावसाहेबांना पटायला वेळ लागला. दस्तगीरचा गुडघा ते अक्रोडाला लावू देईनात. शेवटी त्यांनी आपलं जरीकाठी उपरणं झाकणावर धरलं आणि दोन्ही तळहातांनी रेटलं. नरसव्वा किल्लीला नुसती दोन बोटं लावून बसली होती. झाकणाचं पोट आत गेलं. ती म्हणाली, “आता.” आणि खट्‌ असा बारीक आवाज झाला.

नारळ सुटला तो रावसाहेबांच्या पायावर. मागोमाग तांदूळ, खण, आणि एक गुंडाळी जी बाहेर पडताच फडफडत उलगडली. ते मानपत्र होतं. मागच्या वर्षी त्यांना मिळालेलं, सोनेरी वेलबुट्टीचं. मोटार जाईल तिथं ते बरोबर जात होतं. कप्पा भरायला निम्मी मदत त्याची होती. सगळ्यांत खाली आमचे तीन फॉर्म होते. अंबिकेच्या फॉर्मवर कुंकवाचा डाग पडला होता. सही एकावरही नव्हती.

रावसाहेब पाय चोळत म्हणाले, “वाचत होतो.”

“वाचा की,” नरसव्वा म्हणाली. “चारला पोस्ट बंद व्हतंय. तवर वाचा.”

“आज लेखणी पूजेत असते,” त्यांनी शेवटचा प्रयत्न केला.

“तुमचं पोट सहीवर कुटं चालतंय, मालक?”

त्यांनी बॉनेटवर, झेंडूच्या माळा बाजूला सारून, तिन्ही सह्या केल्या. मी मोटार मागितली. ते म्हणाले, आज वाहन चालवायचं नाही, पूजा झालीय. मी टांग्याचं नाव काढणार, तोवर नरसव्वा फाटकाबाहेर गेलेली होती. तिच्या मागून मी त्या दिवशी सोलापुरातले असे बोळ पाहिले, जे मुख्याध्यापिका म्हणून मला माहीत असायची गरज नव्हती. एकीच्या घरात मागच्या दारानं शिरलो आणि पुढच्या दारानं बाहेर पडलो. “नरसव्वा हाय,” एवढं आतून कुणीतरी म्हणालं. चाराला सात मिनिटं कमी असताना आम्ही पोस्टाच्या खिडकीशी पोचलो. पाकीट बंद करण्याआधी मी फॉर्म पुन्हा एकदा पाहत होते. कारकुनानं कुंकवाच्या डागाकडे बोट केलं. “हे काय?”

“ओटी भरलीय,” नरसव्वा दम खात म्हणाली. “शिक्का मारा.”

पावती तिनं माझ्याकडून मागून घेतली आणि चनप्पाशेठच्या दुकानात जाऊन त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि पंचांग मिटलं. शब्दाचे पक्के होते, हे मान्य केलं पाहिजे.

पुढचं फार उजळ नाही, पण खरं आहे. तिघींपैकी दोघी पास झाल्या. त्यांतली अंबिका तिसऱ्या वर्गात आली, आणि गणितात तिला जे गुण पडले ते बघून मी तो विषय तिला कोण शिकवत होतं याची चौकशी केली नाही, कारण मीच शिकवत होते. लग्न तिचंही झालं, दीड वर्षानं, बिजवराशी नाही. ती आता आमच्याच शाळेत खालच्या इयत्तांना शिकवते. अक्षर वाईट आहे. चनप्पाशेठ गिऱ्हाइकाला सांगतात, मुलीला शिकवायचं हे आपण पहिल्यापासून ठरवलं होतं.

रावसाहेबांनी पुढच्या स्नेहसंमेलनात अध्यक्षीय भाषण केलं. अडलेला कप्पा नुकसान न करता उघडायचा असेल तर ओढू नये, आत ढकलावं, हे आपण स्वतः कसं हेरलं, ते त्यांनी सविस्तर सांगितलं. टाळ्या झाल्या. नरसव्वा दाराशी मुलींच्या चपला राखत बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती मान डोलवत होती, अगदी सहमत असल्यासारखी.

तिला शेवटचं पाहिलं त्याला आता दोन वर्षं होतील. गुडघ्यांनी तिला दगा दिला होता; मुली आणायचं काम समितीनं एका तरुण बाईला दिलं होतं. ती बाई मुलींना हाका मारमारून आणते आणि रोज दोनतीन कमी आणते. मी मंगळवार पेठेतून टांग्यानं चालले होते. एका रंगाऱ्याच्या दारात नरसव्वा पायरीवर बसलेली दिसली. रंगारी दारात उभा, हात कोपरापर्यंत निळे. मी टांगा थांबवायला सांगितला आणि उतरणार, तोच तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पदराआडून दोन बोटं हलवली. जा, म्हणून. मी आले की लोक ओढायला लागतात, हे ती मला तोंडावर सांगत आली होती.

“बरोबर हाय तुमचं,” ती रंगाऱ्याला सांगत होती. “पोरीच्या जातीला पाटी कशाला. धुणं मोजाय येतंय तेवढं बास.”

“धुणं कशाला मोजंल?” रंगारी म्हणाला. “ती काय धुण्याला जाणार हाय व्हय लोकाच्या?”

टांगा पुढं निघाला. दाराच्या फटीतून सहासात वर्षांची एक मुलगी डोकावत होती. नरसव्वाच्या मांडीवर ती जुनी पट्टी पडली होती, काळपट झालेली, गाठी झिजून गुळगुळीत झालेल्या. टोकाला जोडलेल्या नव्या चिंधीची एक गाठ तेवढी पांढरी होती, नुकतीच मारलेली. रंगारी अजून नाहीच म्हणत होता.